अण्णांचे गड्ड्याचे फोटो नव्या लॅपटॉपवर आणले आणि पिकासातलं एडिट गेलं, मदत हवी (माझं लाइटरूमपण हलवायचंय)

दाजीपेठची_लेक
१८ मे, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून. आमचे अण्णा २००७ पासून दर जानेवारीत गड्ड्याचे, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचे, फोटो काढायचे. नंदीध्वजांची मिरवणूक, सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरची दुकानं, पाळणे, शोभेचं दारूकाम, सगळं. संक्रांत झाली की पुढचा महिनाभर रात्री जेवण उरकून पिकासात (गूगलचं फोटोंचं जुनं सॉफ्टवेअर) बसायचे, वाकडी आलेली नंदीध्वजाची काठी सरळ करायची, कडेची गर्दी कापायची, पांढऱ्या बाराबंदीपुढं काळे पडलेले चेहरे उजळायचे. एकेका फोटोवर पंधरा पंधरा मिनिटं. दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले.

आता नवा लॅपटॉप घेतला म्हणून इथल्याच एका दुकानात जुना कंप्युटर नेऊन सगळे फोटो एक्स्टर्नल डिस्कवर काढून घेतले. घरी येऊन उघडले तर २००९ ते २०१४ मधले कितीतरी फोटो अण्णांनी केलेल्या एडिटशिवाय दिसतायत. काठी वाकडी ती वाकडीच, चेहरे काळे. आणि मला सगळ्यात न कळलेलं म्हणजे एकाच फोल्डरमध्ये काही फोटो एकदम बरोबर आहेत, सरळ केलेले, आणि त्याच्या शेजारचा मूळचा. दुकानवाले म्हणतात फोटो मोजून घ्या, एकपण कमी नाही. मोजले, खरंच कमी नाही, १४,२०० च्या आसपास.

दुसरं, माझं स्वतःचं लाइटरूम क्लासिक (अडोबीचं फोटो एडिटचं सॉफ्टवेअर) आहे जुन्या लॅपटॉपवर, २०१७ पासूनचं, नान्नजचे काळवीट, हिप्परग्याचे पक्षी आणि घरातली लग्नं. तेपण हलवायचंय पण आता हात लावायला भीती वाटायलीय. मिस्टर म्हणतात पुढच्या वर्षी लाइटरूमचं सबस्क्रिप्शन बंद कर आणि फुकटातलं काहीतरी वापर. पुण्यातल्या भावाकडं आयफोन आहे, त्याचेपण फोटो यातच आणायचे होते. कुणी हे केलंय का? अण्णांचं काम परत मिळेल का एवढं आधी सांगा.

---

सातरस्ता
१८ मे, रात्री ११:०५

ताई, एकच प्रश्न आधी. जुना कंप्युटर कुठाय? विकला, एक्स्चेंजला दिला, फॉरमॅट केला, यातलं काही झालंय का?

---

दाजीपेठची_लेक
१८ मे, रात्री ११:०९

नाही. दुकानातून परत आणून माळ्यावर ठेवलाय. दुकानवाले घेऊन टाकतो म्हणत होते, आईनं दिला नाही.

---

सातरस्ता
१८ मे, रात्री ११:३४

मग तुमच्या आईंनी फोटो वाचवले असं समजा. तो कंप्युटर आता चालू करू नका, कुणाला देऊ नका, तसाच राहू दे.

काय झालं असणार ते सांगतो. पिकासात तुम्ही क्रॉप केलं, सरळ केलं, फिल लाइट वाढवला तरी मूळ जेपीजी फाइलला ते हात लावत नाही. काय काय केलं त्याची नोंद त्याच फोल्डरमधल्या एका लहानशा फाइलमध्ये लिहून ठेवतं, तिचं नाव डॉट पिकासा डॉट आयएनआय. ही फाइल लपलेली असते, विंडोजमध्ये हिडन फाइल दाखवा म्हणून टिक केल्याशिवाय दिसत नाही. पिकासा फोटो उघडताना ही नोंद वाचतं आणि तुम्हाला एडिट केलेला फोटो दाखवतं, म्हणून अण्णांना रोज सरळ काठीच दिसायची. डिस्कवरची फाइल मात्र वाकडीच होती, पहिल्या दिवसापासून.

मग काही फोटो बरोबर कसे? तर अण्णांनी काही फोटोंना सेव्हचं बटण दाबलं असणार. सेव्ह केलं की पिकासा एडिट खरोखर जेपीजीमध्ये उतरवतं आणि मूळ फोटो त्याच फोल्डरच्या आत डॉट पिकासाओरिजिनल्स नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवतं, तेपण लपलेलं. म्हणजे तुमच्याकडं आत्ता जे आलंय त्यात सेव्ह न केलेल्याचं मूळ आहे पण एडिट नाही, आणि सेव्ह केलेल्याचं एडिट आहे पण मूळ नाही. दोन्हीकडचं निम्मं निम्मं मागं राहिलंय.

दुकानात काय केलं असणार, तर फोल्डर उघडून सगळे फोटो सिलेक्ट करून कॉपी. जे दिसत नाही ते सिलेक्टच होत नाही. अख्खा फोल्डर बाहेरून धरून कॉपी केला असता तर लपलेलं पण आलं असतं. मोजणी बरोबर येणारच, कारण मोजले ते फोटो, एडिटची फाइल कोण मोजतंय.

---

दाजीपेठची_लेक
१८ मे, रात्री ११:४१

वाचून रडू आलं. म्हणजे ते सगळं माळ्यावर आहे?

---

सातरस्ता
१८ मे, रात्री ११:४४

डिस्क धड असेल तर आहे. उद्या बोलू. झोपा आता निवांत.

---

कडकभाकरी
१९ मे, सकाळी ७:२०

ताई लई टेन्शन घेऊ नका, होतंय काम. पण मी वेगळं सांगतो, पटलं तर बघा. ह्या कॅटलॉग, आयएनआय, साइडकार असल्या एडिटच्या वेगळ्या फाइलींच्या भानगडीत पडायचंच कशाला? मी काय करतो, फोटो फायनल झाला की फुल क्वालिटी जेपीजी काढतो, वर्षाच्या फोल्डरमध्ये टाकतो, विषय संपला. जेपीजी कुठंपण उघडतंय, टीव्हीवर, मोबाईलवर, पोराच्या टॅबवर. सॉफ्टवेअर बंद पडलं तरी आपलं काय जात नाही. पिकासा २०१६ साली गूगलनं बंद केलं, बंद व्हायच्या आधी अण्णांनी सगळं एक्स्पोर्ट केलं असतं तर आज हा प्रश्नच आला नसता की. तुमच्या लाइटरूमचं पण तेच करा, सगळे सिलेक्ट, एक्स्पोर्ट, मोकळं व्हा.

---

नान्नजचा_माळ
१९ मे, सकाळी ९:१५

@कडकभाकरी मालक, तुमचं निम्मं पटतंय. तयार जेपीजी हवाच, त्याशिवाय घरच्यांना फोटो दिसणार नाही. पण फक्त तेवढाच ठेवायचा याला माझा ठाम विरोध आहे आणि कारण सांगतो.

माळावर संध्याकाळी काळवीट काढलं, रॉ म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची फाइल आहे, २०१८ ला मी ती जशी एडिट केली तशी आज करणार नाही. तेव्हा नॉइज काढायची साधनं वेगळी होती, आज त्याच रॉमधून कितीतरी स्वच्छ फोटो निघतो. जेपीजीमध्ये एका रंगाला ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या. रॉमध्ये १२ किंवा १४ बिट, म्हणजे ४,०९६ किंवा १६,३८४. एकदा जेपीजी करून रॉ टाकून दिली की काळ्या पाठीवरचं जे डिटेल सावलीत गेलंय ते गेलंच, परत कुठून आणणार. आणि नुसती रॉ ठेवून एडिट टाकून दिलं तर आपण डोळ्यांनी काय बघितलं होतं तेच हरवतं. मला तिन्ही लागतात. मूळ फाइल, एडिटची नोंद आणि तयार फोटो.

ताई, तुमच्या लाइटरूमचं सविस्तर दुपारी लिहितो. तोपर्यंत एवढंच, एक्सप्लोररमध्ये जाऊन फोल्डर हलवू नका की फोटोंची नावं बदलू नका. मी हे एकदा केलंय, डी ड्राइव्ह भरला म्हणून पक्ष्यांचं फोल्डर उचलून बाहेरच्या डिस्कवर टाकलं आणि वर फाइलींची नावं पण एका दमात बदलली, लाइटरूमला एकपण फोटो सापडेना. फोल्डर परत दाखवता येतं, पण बदललेली नावं एकेक करून जुळवावी लागली, अख्खा पावसाळा गेला त्यात.

---

नान्नजचा_माळ
१९ मे, दुपारी २:४८

हां, तर लाइटरूम क्लासिक.

तुमची सगळी एडिट एका कॅटलॉग फाइलमध्ये असतात, तिचं एक्स्टेन्शन एलआरकॅट. फोटो त्यात नसतात, फोटो फोल्डरमध्येच असतात आणि कॅटलॉगला फक्त पत्ता माहीत असतो. इथं बरेच जण फसतात, लाइटरूम बंद करताना बॅकअप घेऊ का विचारतं ना, तो बॅकअप फक्त कॅटलॉगचा असतो, फोटो एकपण नसतो त्यात.

आता ठरवायचं काय ते एवढंच की नव्या लॅपटॉपवर लाइटरूमच राहणार की दुसरं सॉफ्टवेअर येणार. दोन्हीचा रस्ता पूर्ण वेगळा आहे.

लाइटरूम ते लाइटरूम असेल तर काहीच एक्स्पोर्ट करायचं नाही, संसार आहे तसा उचलायचा. लाइटरूम बंद करा. एलआरकॅट फाइल घ्या आणि तिच्या शेजारी त्याच नावाची एलआरकॅट-डेटा असेल तीपण घ्या, ही विसरू नका, नव्या व्हर्जनमध्ये एआयनं केलेले मास्क त्यात असतात. प्रीव्ह्यूजचं मोठ्ठं फोल्डर आणलं नाही तरी चालतं, ते परत तयार होतं, फक्त वेळ खातं. फोटोंचं मुख्य फोल्डर आतल्या रचनेसकट तसंच्या तसं. नव्या मशीनवर त्याच एलआरकॅटवर डबल क्लिक करून उघडा, फोल्डरवर प्रश्नचिन्ह दिसेल, घाबरायचं नाही, सगळ्यात वरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून फाइंड मिसिंग फोल्डर, नवी जागा दाखवा, आतले सगळे आपोआप लागतात. विंडोजवरनं मॅकवर जात असाल तरी हेच, कॅटलॉग दोन्हीकडं चालतो. प्रीसेट वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, ते आठवणीनं घ्या.

सगळं नको, फक्त नान्नजचं हवं असलं तर एक्स्पोर्ट अ‍ॅज कॅटलॉग आहे फाइल मेनूत, त्यात मूळ फोटो पण सोबत घ्यायची टिक आहे. ती टिक राहिली तर नुसता कॅटलॉग जातो आणि फोटो जुन्याच लॅपटॉपवर बसतात.

आता दुसरं सॉफ्टवेअर असेल तर. इथं मन घट्ट करा, कारण एडिट जशीच्या तशी जात नाहीत, कुणी काही सांगू दे. एडिट म्हणजे शेवटी सूचना असतात, एक्स्पोजर एवढं, कॉन्ट्रास्ट एवढा, आणि प्रत्येक सॉफ्टवेअर ती सूचना आपल्या पद्धतीनं शिजवतं. आमटीची चिठ्ठी तीच, पण आमच्या घरचं काळं तिखट वेगळं आणि तुमच्या घरचं वेगळं, चव एक कशी येईल.

तरी जे जातं ते एक्सएमपी नावाच्या नोंदीच्या फाइलमधून जातं. सगळे फोटो सिलेक्ट करून कंट्रोल एस दाबा, म्हणजे सेव्ह मेटाडेटा टू फाइल, रॉच्या शेजारी त्याच नावाची एक्सएमपी फाइल तयार होते. जेपीजी, टिफ आणि डीएनजी असेल तर वेगळी फाइल होत नाही, माहिती फोटोच्या आतच लिहिली जाते. रेटिंग, कीवर्ड, कॅप्शन, कॉपीराइट हे बहुतेक सगळीकडं नीट वाचलं जातं. एक्सएमपीत जे जातच नाही ते म्हणजे कलेक्शन, व्हर्च्युअल कॉपी आणि एडिटची पूर्ण हिस्टरी.

---

दाजीपेठची_लेक
१९ मे, दुपारी ३:३०

व्हर्च्युअल कॉपी माझ्या खूप आहेत. प्रत्येक काळविटाची एक रंगीत, एक ब्लॅक अँड व्हाइट. त्या हरवणार?

---

नान्नजचा_माळ
१९ मे, दुपारी ४:०२

कॅटलॉग तसाच उचलला तर हरवत नाहीत. एक्सएमपीच्या रस्त्यानं गेलात तर हरवतात, कारण व्हर्च्युअल कॉपी ही फक्त कॅटलॉगमधली नोंद आहे, डिस्कवर तिची फाइलच नाही. म्हणून दुसरीकडं जायच्या आधी व्हर्च्युअल कॉपी तेवढ्या वेगळ्या काढा, लायब्ररी फिल्टरमध्ये अ‍ॅट्रिब्यूटला त्यांचा पर्याय आहे, आणि एक्स्पोर्ट करून खऱ्या फाइल बनवा.

जे जीव की प्राण फोटो आहेत त्यांची १६ बिट टिफ काढा. सगळ्यांची काढू नका. हिशोब बघा, २४ मेगापिक्सेलचा फोटो, तीन रंग, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे एकच फोटो १४४ एमबी बिनकॉम्प्रेस. असे ३०० केले तर ४३ जीबी. बाकीच्यांना चांगल्या क्वालिटीचा जेपीजी पुरे, तिथं कडकभाकरी मालकांचंच खरं.

आणि सबस्क्रिप्शनची घाई नको. बंद केलं तरी क्लासिक उघडतं, फोटो बघता येतात, एक्स्पोर्ट करता येतात, डेव्हलप (एडिटचं) आणि मॅप मॉड्यूल बंद होतात. म्हणजे नंतर पण आरामात काढता येतील.

---

कडकभाकरी
१९ मे, संध्याकाळी ७:५५

व्हर्च्युअल कॉपीचं मला माहीत नव्हतं, हे भारी सांगितलं. फुकटातलं म्हणजे डार्कटेबल का? माझा भाचा तेच वापरायलाय.

---

नान्नजचा_माळ
१९ मे, रात्री ८:३०

हो, चांगलं आहे, मीपण लिनक्सवर वापरतो. लाइटरूमची एक्सएमपी शेजारी असेल तर फोटो पहिल्यांदा इम्पोर्ट करताना वाचतं, क्रॉप, एक्स्पोजर, टोन कर्व्ह, डाग काढलेले, असं थोडंफार येतं, पण दिसणं जुळणार नाही. स्वतःची नोंद मात्र वेगळ्या नावानं ठेवतं. लाइटरूम रॉचं एक्स्टेन्शन काढून टाकून एक्सएमपी लावतं, डार्कटेबल रॉच्या पूर्ण नावापुढं एक्सएमपी लावतं. म्हणजे दोन्ही एकाच फोल्डरमध्ये सुखानं राहतात. डुप्लिकेट दिसतायत म्हणून त्यातली एक पुसू नका एवढंच.

---

बाळीवेस_स्टुडिओ
२० मे, सकाळी ११:१०

स्टुडिओ असल्यामुळं हे रोजचं आहे, म्हणून कॉपी करण्याबद्दल लिहितो, कारण वर त्यावर कुणी बोललं नाही आणि माझ्या मते जास्त नुकसान तिथंच होतं.

कट पेस्ट कधीच नाही. कायम कॉपी. मे महिना आहे, दुपारी लाइट कधी जाईल सांगता येत नाही, डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर मोठी कॉपी लावूच नका. कॉपी मध्येच तुटली तर अर्धवट फाइल पण नावानं पूर्ण दिसते, उघडल्यावर खालचा अर्धा फोटो करडा. २०२२ च्या एका लग्नात माझ्या अशा ११ फाइल झाल्या होत्या, कार्ड पुसलं नव्हतं म्हणून अब्रू राहिली. तेव्हापासून कॉपीनंतर पडताळणी केल्याशिवाय काही पुसत नाही. टेराकॉपीमध्ये व्हेरिफायची टिक आहे, दोन्ही बाजूच्या फाइलचा चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला खुणेचा आकडा) काढून जुळवतं. मॅक, लिनक्सवाल्यांना आरसिंक आहे, त्यालापण चेकसमनं तपासायला सांगता येतं. फाइलींची संख्या आणि एकूण बाइट दोन्हीकडं सारखे आहेत का हे तर बघाच, पण हिडन फाइल दाखवा चालू करून मग.

डिस्कचा फॉरमॅट. एनटीएफएस असेल तर मॅक वाचतो पण त्यावर लिहू शकत नाही. एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, लग्नाचे व्हिडिओ तिथंच अडकतात. दोन्हीकडं चालवायची असेल तर एक्सफॅट करा, आणि ती करताना डिस्क रिकामी असू दे, नाहीतर सगळं जाईल.

व्हॉट्सअ‍ॅपवरनं फोटो गोळा करू नका हे सांगायची गरज नसावी, पण रोज बघतो म्हणून सांगतो. फोटो म्हणून पाठवला की बारीक होतो आणि तारीख, कॅमेरा ही आतली माहिती पुसली जाते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून.

---

हुतात्मा_पुणेरी_सोलापुरी
२० मे, रात्री ९:४०

भावाच्या आयफोनचं मी सांगते, हे मी नुकतंच केलंय.

केबलनं विंडोजला लावला की एकेका फोटोच्या तीन तीन फाइल दिसतात. आयएमजी पुढं नंबर ती मूळ. आयएमजी ई पुढं तोच नंबर ती एडिट केलेली. आणि त्याच नंबरची एएई म्हणून एक बारकी फाइल, त्यात एडिटची नोंद. विंडोजला एएईचं काही कळत नाही म्हणून लोक कचरा समजून पुसतात. जागा काहीच लागत नाही तिला, राहू दे. पण महत्त्वाचं म्हणजे ई असलेली आणि नसलेली दोन्ही घ्या. नंतर डुप्लिकेट साफ करायला बसलं की यातली एक हमखास पुसली जाते.

मॅकवरच्या फोटोज अ‍ॅपमधून काढत असाल तर एक्स्पोर्टचे दोन प्रकार आहेत, नुसतं एक्स्पोर्ट केलं तर एडिट केलेला फोटो येतो आणि अनमॉडिफाइड ओरिजिनल केलं तर मूळ. दोनदा काढायचं, दोन वेगळ्या फोल्डरमध्ये.

आयक्लाउडवरनं गूगल फोटोजला थेट पाठवायची सोय अ‍ॅपलनंच दिली आहे. सोपं आहे, पण त्यात फोटोचं शेवटचं एडिट तेवढं जातं, मूळ जात नाही, आणि लाइव्ह फोटो पण जात नाहीत. हे समजून मगच करा आणि नंतर आयक्लाउड रिकामं करू नका.

गूगल फोटोजमधून बाहेर काढायचं असेल तर टेकआउट, म्हणजे आपला डेटा उतरवून घ्यायची गूगलचीच सोय. तिथं मूळ आणि एडिटेड दोन्ही फाइल येतात, एडिटेडच्या नावापुढं तसा शब्द असतो. सोबत प्रत्येकाची एक जेसन फाइल. गूगल फोटोजमध्ये बसून तारीख सुधारली असेल, वर्णन लिहिलं असेल, तर ते त्या जेसनमध्ये असतं, फोटोत नसतं. आमच्या आजीचे स्कॅन केलेले फोटो, मी प्रत्येकाला अंदाजे वर्ष घातलेलं, १९६८, १९७४, आणि डाउनलोड करून बघते तर सगळे स्कॅन केलेल्या दिवसाच्या तारखेला. जेसन ठेवली होती म्हणून एक्झिफटूल नावाच्या सॉफ्टवेअरनं तारीख परत फोटोत भरता आली. आणि टेकआउटची लिंक साधारण आठवडाभरच चालते, त्यामुळं मागवली की लगेच सगळ्या झिप उतरवून घ्या आणि सगळ्या एकाच जागी उघडा, फोटो एका झिपमध्ये आणि त्याची जेसन दुसऱ्या झिपमध्ये असं होतं.

---

दाजीपेठची_लेक
२४ मे, रात्री १०:१५

सगळ्यांना सांगायला उशीर झाला. काल भाऊ आला होता. माळ्यावरनं कंप्युटर काढला, चालू केला नाही, सातरस्ता दादांनी फोनवर सांगितलं तसं डिस्क काढून केसिंगमध्ये (यूएसबीनं लावायच्या डबीत) घातली आणि लॅपटॉपला लावली. डिस्क लागली. हिडन फाइल दाखवा केलं आणि फोल्डरमध्ये ती फाइल दिसली. नोटपॅडमध्ये उघडली. प्रत्येक फोटोचं नाव आणि खाली फिल्टर्स म्हणून एक ओळ, क्रॉपचे आकडे, टिल्टचे आकडे. अण्णांनी २०११ च्या मिरवणुकीतल्या एका फोटोला किती वेळा काय केलं ते सगळं ओळीनं. मला त्यातलं काही वाचता येत नाही, पण आईला बोलावून दाखवलं.

आता पुढं काय करू? यातच पिकासा उघडू का? अण्णांच्या डाउनलोडमध्ये ३.९ चा इन्स्टॉलर पण सापडलाय.

---

सातरस्ता
२४ मे, रात्री १०:३२

त्या डिस्कवर पिकासा उघडू नका! पिकासा फोल्डर चाळताना स्वतःच त्या आयएनआयमध्ये लिहितं. मूळ डिस्कवर आता कुणीच काही लिहायचं नाही, ती फक्त वाचायला.

असं करा. मुख्य फोल्डर बाहेरून धरून, आत न शिरता, अख्खा कॉपी करा लॅपटॉपवर. स्टुडिओवाल्या दादांनी सांगितलं तसं पडताळून घ्या. मग डिस्क काढून बाजूला. लॅपटॉपवर पिकासा टाका, तो कॉपी केलेला फोल्डर दाखवा. आयएनआय फोटोच्या नावावर चालते, त्यामुळं फोटोंची नावं तीच असतील तर एडिट आपोआप दिसायला लागतील. दिसले की सेव्ह दाबू नका, एक्स्पोर्ट करा वेगळ्या फोल्डरमध्ये, मूळ आकार, क्वालिटी मॅक्सिमम. आधी एकाच वर्षाचे वीस फोटो करून बघा, त्यात एक क्रॉपचा, एक सरळ केलेला, एक ब्लॅक अँड व्हाइट, एक सेव्ह केलेला असे निवडून.

२००७-०८ च्या फोल्डरमध्ये आयएनआयचं नाव थोडं वेगळं असू शकतं, जुन्या व्हर्जनमध्ये पुढचा डॉट नव्हता, आणि मूळ फोटोंच्या फोल्डरचं नाव नुसतं ओरिजिनल्स. तेपण तसंच ठेवा.

अण्णांनी फोटोखाली कॅप्शन लिहिली असतील तर ती जेपीजीच्या आत लिहिली जातात, ती दुकानातून आलेल्या कॉपीत पण असणार. तारे मात्र आयएनआयमध्येच.

---

बाळीवेस_स्टुडिओ
२४ मे, रात्री १०:५०

कॉपी रात्री लावा, लॅपटॉप चार्जिंगला, स्लीप बंद करून. जुनी डिस्क आहे, मध्ये अडकली किंवा कटकट आवाज आला तर लगेच थांबा, परत परत प्रयत्न करू नका.

---

दाजीपेठची_लेक
२७ मे, रात्री ११:२०

झालं. अडकली नाही. वीस फोटो करून बघितले, सगळे बरोबर आले, मग काल आणि आज मिळून सगळी वर्षं केली. सात काठ्या एका रांगेत असलेला २०१२ चा फोटो, जो आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून आहे, तो मी फ्रेमशेजारी लॅपटॉप धरून जुळवला. तसाच आहे. अण्णांनी तारा दिलेले ६४० फोटो पण कळले, ते वेगळे एक्स्पोर्ट केले.

२०१० च्या एका फोल्डरमधलं एडिट आलं नाही. तिथं आयएनआय आहे पण अण्णांनीच नंतर कधीतरी फोटोंची नावं बदलून मराठीत ठेवलेली, "६८ लिंग तैलाभिषेक १" अशी, आणि नोंदीत जुने कॅमेऱ्याचे नंबर आहेत. १७० फोटो आहेत.

आणि एक सांगायचंय. डॉट पिकासाओरिजिनल्समध्ये सेव्ह केलेल्या फोटोंची मूळ प्रत होती ना, ती चाळत होते. २००९ चा अक्षता सोहळ्याचा फोटो आहे, अण्णांनी डावीकडची गर्दी कापून फक्त मानकरी आणि काठी ठेवलेली, आम्ही आयुष्यभर तोच बघितला. मूळ फोटोत कापलेल्या बाजूला आई उभी आहे, कडेवर भाऊ, आणि मी तिचा पदर धरून. तिघांचा गड्ड्यातला फोटोच नव्हता आमच्याकडं. @नान्नजचा_माळ दादा, तुम्ही तिन्ही ठेवा म्हणालात, ठेवतेय.

---

नान्नजचा_माळ
२८ मे, सकाळी ७:०५

ताई, सकाळी सकाळी वाचलं, फार बरं वाटलं.

१७० फोटोंचं होईल. आयएनआयमध्ये जुनं नाव आहे, आणि फोटोच्या आत काढलेली वेळ सेकंदापर्यंत असते. दुकानातली कॉपी सोडा, जुन्या डिस्कची जी नवी कॉपी आहे त्यातल्या त्या एका फोल्डरची अजून एक कॉपी करा, काढलेल्या वेळेनुसार लावा, कॅमेऱ्याचे नंबर पण त्याच क्रमानं चढत असतात. मधले पुसलेले असतील तिथं क्रम सरकेल, क्रॉप बघून जुळवावं लागेल. नावं परत जुन्या नंबरची केली की पिकासा ओळखेल. एक्स्पोर्ट झाल्यावर अण्णांची मराठी नावं परत द्या, ती पण त्यांनीच लिहिलेली आहेत.

---

कडकभाकरी
२८ मे, सकाळी ८:४०

ताई, १७० मला पाठवा की डिस्कवर, मी शनिवारी रिकामाच आहे, दाजी पेठेत येऊन घेऊन जातो. आणि मी जेपीजी ठेवून रॉ पुसत होतो ते कालपासून बंद केलंय.

---

दाजीपेठची_लेक
२८ मे, दुपारी १:१५

शनिवारी या, शेंगाचटणी आणि भाकरी करते. लाइटरूमचा कॅटलॉग आज तसाच उचलून नव्या लॅपटॉपवर लावला, प्रश्नचिन्हं आली, वरचं फोल्डर दाखवलं, लागले सगळे, व्हर्च्युअल कॉपी पण आहेत. सबस्क्रिप्शन वर्षभर ठेवतोय, मिस्टरांनी वाचला हा धागा.

सगळ्याच्या दोन कॉपी केल्या, एक भाऊ उद्या सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला नेतोय. जुनी डिस्क कापडात गुंडाळून आईनं स्वतःच्या कपाटात ठेवलीय, वर चिठ्ठी लावून, "अण्णांचे गड्ड्याचे फोटो, हात लावू नये".